देवभूमीचे वाजंत्री

जुलै २०२४ मध्ये उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, तिबेटच्या सीमेकडे जाणाऱ्या नीती खोऱ्यातील एका गावात पंचायत बसली. विषय होता ढोल न वाजल्याचा. गावच्या धार्मिक उत्सवात ढोल वाजविण्याचे काम परंपरेने ज्या दलित कुटुंबांकडे चालत आले आहे, त्यांच्यातील एक वादक प्रकृती बरी नसल्याने येऊ शकला नव्हता. तेवढ्या कारणावरून गावातील दलित कुटुंबांवर बहिष्कार पुकारण्यात आला. जंगलातून लाकूडफाटा आणायचा नाही, पाणवठ्यावर यायचे नाही, दुकानातून वाणसामान मिळणार नाही, गावच्या जीपमध्ये बसता येणार नाही, देवळाची पायरी चढायची नाही. आणि जो कोणी या कुटुंबांशी संबंध ठेवील त्याला पाच हजार रुपये दंड. तक्रार झाली, पोलिसांनी गुन्हा दाखल केला, चार दिवस बातम्या आल्या आणि विषय मागे पडला.

दुर्गम कोपऱ्यातील एक अपवाद म्हणून ही घटना सोडून देता आली असती. तसे करता येत नाही, कारण याच ज्योतिर्मठ (पूर्वीचे जोशीमठ) तालुक्यात सलूड-डुंग्रा ही जुळी गावे आहेत आणि तेथील ढोल जगाच्या नकाशावर पोहोचलेला आहे. या गावांत दरवर्षी वैशाखीनंतर, एप्रिलच्या उत्तरार्धात होणाऱ्या ‘रम्माण’ या विधिनाट्याचा २००९ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समावेश केला. एकाच तालुक्यात एका ठिकाणी ढोलाला जागतिक वारशाचा दर्जा मिळतो आणि दुसऱ्या ठिकाणी ढोल वाजला नाही म्हणून माणसांचे पाणी तोडले जाते. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः त्या एकाच व्यवस्थेतून आलेल्या आहेत, आणि उत्तराखंडच्या लोककलांविषयी सध्या जी संवर्धनाची भाषा बोलली जाते तिला नेमका याच गोष्टीचा विसर पडलेला आहे.

रम्माण म्हणजे ढोबळमानाने रामकथा. पण रामलीलेच्या मंडपात दिसते तशी नव्हे. संवाद जवळपास नाहीत. देवळाच्या फरसबंद अंगणात ढोल-दमाऊंच्या तालावर पात्रे नाचतात आणि प्रसंग तालातून पुढे सरकतो. अठरा मुखवटे आणि अठरा ताल अशी मोजदाद तेथील परंपरा सांगते. मुखवट्यांना ‘पत्तर’ म्हणतात. देवांचे पत्तर वेगळे, गमतीच्या पात्रांचे वेगळे. या रामकथेच्या मधल्या फटींतून गावाचा स्वतःचा इतिहास डोकावतो, आणि जाणकारांना रम्माणची खरी गोडी तेथेच वाटते. म्हशी घेऊन डोंगर चढणाऱ्या गुराखी जोडप्यावर वाघ झडप घालतो. दूरवरून आलेल्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या बायकोला वाटेत लुटारू गाठतात. गोरखा सैन्याशी झालेल्या झुंजीची आठवण मल्लांच्या नृत्यातून जागवली जाते. गढवालवर १८०४ ते १८१५ अशी अकरा वर्षे गोरख्यांची राजवट होती आणि तिच्या कहाण्या पहाडात अद्याप शिळ्या झालेल्या नाहीत. अंगाला कुसळे चिकटवून येणारा कुरजोगी प्रेक्षकांत धुमाकूळ घालतो. हा सारा सोहळा गावचा रक्षक असलेल्या भूमियाळ देवाच्या नावाने होतो आणि वर्षभर ज्या घरी देव वस्तीला असतो त्या घराला कडक नियम पाळावे लागतात.

या सोहळ्यात कामे जातींनुसार वाटलेली आहेत. पूजाविधी ब्राह्मणांकडे. नृसिंहाचा मुखवटा हा सर्वांत पवित्र मुखवट्यांपैकी एक. तो धारण करण्याचा अधिकार केवळ भंडारी या क्षत्रिय कुळाचा. आणि ढोल दास समाजाकडे. युनेस्कोच्या नोंदीतही जाती आणि व्यवसायगट यांच्या ठरलेल्या भूमिकांचा उल्लेख आहे. संपूर्ण गाव सहभागी होतो याचा पुरावा म्हणून. सहभाग खरा आहे, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की त्या सहभागातून बाहेर पडण्याची मुभा कोणाला आहे?

ढोल वाजविणाऱ्या समाजाला गढवालमध्ये कोठे दास, कोठे बाजगी, कोठे औजी म्हणतात. ढोल तांब्याचा किंवा पितळेचा, दोन्ही तोंडांना कातडे. उजव्या हातात टिपरू, डावा हात मोकळा. सोबतीला दमाऊं, म्हणजे तांब्याचा उथळ नगारा, दोन काठ्यांनी वाजणारा. ही जोडी सहसा फुटत नाही. पहाटेचा ताल वेगळा, रात्रीच्या नौबतीचा वेगळा, मंगलकार्याच्या बधाईचा वेगळा, देवाला नाचविणाऱ्या धुंयाळचा वेगळा. वरात डोंगरवाटेने निघाली की चाल बदलत जाते आणि पुढच्या गावाला, वरात दृष्टीस पडण्याआधी, ती कोठवर आली आहे याचा अंदाज येतो. अँड्र्यू आल्टर या संगीत-मानवशास्त्रज्ञाने गढवालच्या ढोलावर दीर्घकाळ काम केले; २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डान्सिंग विथ देवताज’ या त्याच्या ग्रंथात ढोल, सत्ता आणि अंगात येणारे देव यांच्यातील नाते उलगडलेले आहे. टेलिफोन आणि मोटाररस्ते येण्यापूर्वीच्या पहाडात ढोल हे वाद्य होते, तसेच ते संदेशाचे साधनही होते. जन्म, लग्न, मृत्यू, संकट, यात्रा: गावाचा प्रत्येक दिवस त्याच्यातून ऐकू येई.

‘ढोलसागर’ नावाचे या विद्येचे एक शास्त्रही आहे. शिव-पार्वतीच्या संवादरूपाने ढोलाची उत्पत्ती, त्याचे अवयव, ताल यांचे विवेचन त्यात येते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते पौडी येथे छापले गेले. त्यापूर्वी ते मुखोद्गतच होते. आज ज्याला सारा ढोलसागर येतो असा वादक मिळणे कठीण. बहुतेकांना तुकडे ठाऊक असतात. पण त्याचे नाव घेताच वादकाच्या स्वरात जो अभिमान येतो, त्याला कारण आहे. देव अंगात येतो तो ढोलाच्या तालाने. जागराच्या रात्री देवाला बोलावणारा, त्याला नाचविणारा आणि पुन्हा शांत करून पाठविणारा हा वादकच. काही तास त्याचा शब्द आणि त्याचा ताल देवही मानतात, असे सारा गाव समजतो. सकाळ झाली की तोच माणूस देवळाच्या अंगणाबाहेर बसतो आणि त्याचा चहा वेगळ्या पेल्यातून येतो.

या कामाचा मोबदला रोकड नव्हता. खरीप आणि रब्बीच्या सुगीला प्रत्येक घरातून ठरलेले धान्य मिळे. त्याला ‘डडवार’ म्हणतात. औजी शिवणकामही करीत आणि तेही याच हिशेबात धरले जाई. महाराष्ट्रातील वाचकाला ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. बलुत्याची पेंढी येथेही अशीच होती आणि तिच्या पोटातील अपमानही असाच. डडवारच्या जोडीला चैत्राचा महिना असे. चैत्रात औजी गावातून सासरी गेलेल्या लेकींच्या घरी जात, दारात गाऊन-वाजवून माहेरची खुशाली सांगत आणि लेक त्यांना धान्य, वस्त्र देऊन पाठवी. डोंगराआड दिलेल्या मुलीला वर्षातून एकदा माहेराचा आवाज ऐकू येई तो औजीच्या ढोलातून. या प्रथेविषयी बोलताना पहाडातील वृद्ध स्त्रिया आजही हळव्या होतात. ती प्रथा बंद पडली याची खंत साऱ्यांनाच आहे. मात्र औजीला आपल्या लेकीच्या दारी कोण पाठवीत असे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

ही घडी विसकटली ती मुख्यतः शेती विसकटल्यामुळे. ९ नोव्हेंबर २००० रोजी स्वतंत्र राज्य झाले तेव्हा पहाडाचे पाणी आणि पहाडाची जवानी पहाडाच्या कामी येईल, अशी आशा होती. राज्य शासनानेच २०१७ मध्ये नेमलेल्या पलायन आयोगाचा पहिला अहवाल २०१८ मध्ये आला. त्यानुसार दहा वर्षांत ६,३३८ ग्रामपंचायतींतून ३ लाख ८३ हजारांहून अधिक लोक अर्धस्थायी स्वरूपात बाहेर पडले होते, तर सुमारे १ लाख १९ हजार लोक कायमचे गेले होते. २०११ च्या जनगणनेनंतर ७३४ महसुली गावे व वस्त्या निर्मनुष्य झाल्याची नोंदही त्यात आहे. जाणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांचे कारण रोजगाराचे होते. गावात घरेच उरली नाहीत तर डडवार कोण देणार? पन्नास घरांच्या धान्यावर पोसला जाणारा वादक दहा घरांच्या धान्यावर जगू शकत नाही. त्या दहा घरांतही आता रेशनचा तांदूळ येतो. त्यातच लग्नसराईत डीजे आला. ढोल-दमाऊंच्या जोडीला रात्रभराची जी बिदागी द्यायची, तिच्याबाबत घासाघीस करणारा यजमान डीजेवाल्याला मागेल तो दर देतो, अशी वादकांची जुनी तक्रार आहे.

येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. परंपरा शुद्ध होती आणि डीजेने ती बाटवली, हे चित्र फार खरे नाही. गढवाल-कुमाऊंच्या वरातीत ढोलासोबत वाजणारी मशकबीन ही आज अस्सल पहाडी मानली जाते. ती आली ब्रिटिशांच्या पलटणींतून, स्कॉटिश बॅगपाइपच्या रूपाने. गढवाल आणि कुमाऊंच्या रेजिमेंटमधून परतलेल्या जवानांनी ती गावात आणली आणि पहाडाने ती इतकी आपलीशी केली, की आता तिच्यावाचून वरात सुनी वाटते. बाहेरचे वाद्य पचविण्याची ताकद या संस्कृतीत होती. ती ताकद कमी झाली असेल तर तिची कारणे वाद्यांत शोधण्यापेक्षा वाजविणाऱ्यांच्या स्थितीत शोधावी लागतील.

स्थलांतराच्या आकड्यांत जात दिसत नाही. पण ती लपूनही राहत नाही. राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १९ टक्के आहे. पहाडातील दलितांकडे, ज्यांना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील चळवळीमुळे ‘शिल्पकार’ हे नाव मिळाले, जमीन आधीच कमी. लोहार, तांबट, सुतार, गवंडी, विणकर, वादक ही सारी त्यांची कामे. म्हणजे आज ज्याला पहाडी हस्तकला आणि लोककला म्हणून गौरविले जाते, तिचा मोठा भाग या समाजाच्या हातांनी उभा केलेला आहे. आणि याच समाजाला स्वतःच्या लग्नात नवरा-नवरीला डोली-पालखीत बसविण्याचा हक्क मिळविण्यासाठी लढावे लागले. जयानंद भारती यांच्या नेतृत्वाखालील ‘डोला-पालकी’ आंदोलन हा गढवालच्या सामाजिक इतिहासातील मोठा अध्याय आहे. दुसऱ्यांच्या वरातीपुढे पिढ्यान्‌पिढ्या ढोल वाजविणाऱ्यांची स्वतःची वरात मात्र सवर्णांच्या गावावरून पायी जाई. वरात पालखीतून निघाली तर ती अडविली जाई, दगडफेक होई. हा इतिहास फार जुना नाही. एप्रिल २०१९ मध्ये टिहरी जिल्ह्यात एका लग्नात सवर्णांसमोर खुर्चीवर बसून जेवल्याच्या कारणावरून एका दलित तरुणाला मारहाण झाल्याचा आरोप झाला आणि काही दिवसांनी डेहराडूनच्या रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. तेव्हाही देशभर बातम्या आल्या होत्या.

या पार्श्वभूमीवर सरकारी गौरवाकडे पाहावे लागते. त्याची यादी मोठी आहे आणि ती पोकळ आहे असेही म्हणता येणार नाही. २०१६ मध्ये प्रजासत्ताकदिनी राजपथावर उत्तराखंडचा चित्ररथ रम्माणचा होता. २०२३ मध्ये ‘मानसखंड’ या चित्ररथाला पहिला क्रमांक मिळाला. त्यात जागेश्वरचे मंदिर होते, कुमाऊंची ऐपण रांगोळी होती आणि छोलिया नर्तकही. २०२१ मध्ये ऐपण, रिंगाळाच्या वस्तू, भोटिया दन, थुलमा आणि तांब्याची भांडी यांना भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ च्या अखेरीस मिळालेल्या मानांकनांच्या दुसऱ्या मोठ्या यादीत चमोलीचा रम्माण मुखवटाही आहे. पद्म पुरस्कारांतही पहाडाची आठवण ठेवली गेली: जागरगायिका बसंती बिष्ट यांना २०१७ मध्ये, प्रीतम भरतवाण यांना २०१९ मध्ये आणि लोकसंगीताच्या संग्राहक व गायिका माधुरी बडथ्वाल यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

यातील भरतवाण यांचे नाव विशेष महत्त्वाचे. ते परंपरेने ढोल वाजविणाऱ्या समाजातून आले, कॅसेटच्या जमान्यात घरोघर पोहोचले आणि पुढे अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात ढोल शिकवून आले. एका ढोलवादकाच्या मुलाने हे करून दाखवले, ही साधी गोष्ट नाही. पहाडातील अनेक तरुण औजींना त्यांच्याकडे पाहून आपल्या हातातील वाद्याची लाज वाटेनाशी झाली. पण एका माणसाचे यश ही व्यवस्थेची सुधारणा नसते. स्टीफन फियोल या अमेरिकन अभ्यासकाने २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात उत्तराखंडच्या ‘लोक’संगीताचा जो इतिहास मांडला आहे, त्याचा रोख असाच आहे: ध्वनिमुद्रण आणि मंच यांच्या जगात ‘लोककलावंत’ म्हणून पुढे आले ते बहुतांशी सुशिक्षित सवर्ण गायक, ज्यांचा हा पिढीजात व्यवसाय होता, ते मागे साथीला राहिले. कला एकाच्या घरातून निघून दुसऱ्याच्या घरी गेली की तिची प्रतिष्ठा वाढते, हा अनुभव केवळ पहाडाचा नाही. पुण्या-मुंबईतील ढोल-ताशा पथकांत आज मध्यमवर्गीय मुले-मुली हौसेने टिपरू हाती घेतात. हलगी वाजविणाऱ्या समाजाला मात्र हलगीसोबत आलेली ओळख पुसून टाकण्यासाठी ती खाली ठेवावी लागली.

येथून मूळ प्रश्नाकडे येता येते. ‘ढोल वाचवा’ म्हणणाऱ्यांना नेमके काय वाचवायचे आहे? वाद्य वाचविणे सोपे आहे. ताल ध्वनिमुद्रित करता येतात, ढोलसागरची संपादित आवृत्ती काढता येते, शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलांना शिकवता येते. श्रीनगर-गढवालच्या विद्यापीठात लोककलांचे केंद्र आहे आणि तेथे मोलाचे काम झाले आहे. हरिद्वारला हजाराहून अधिक वादकांना एकत्र बसवून ‘नमो नाद’चा सामूहिक गजरही २०१७ मध्ये झाला. पण गावातील ढोल हा कार्यक्रम नसतो. तो देवाच्या अंगणात, ठरलेल्या तिथीला, ठरलेल्या कुटुंबाने वाजवायचा असतो. तेच त्याचे सौंदर्य आणि तोच त्याचा फास. नीती खोऱ्यातील पंचायतीला वादकाच्या गैरहजेरीचा एवढा राग का आला असावा, हे समजून घेणे अवघड नाही. ढोलाशिवाय देव उठत नाही, देव उठला नाही तर वर्ष बिघडते, ही भीती त्यांच्या लेखी खरी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऋषिगंगेला आलेला लोंढा आणि जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठच्या शेकडो घरांना गेलेले तडे पाहिलेल्या या भागात देवाच्या कोपाची धास्ती पुस्तकी नसते. पण भीती सामूहिक असताना तिची किंमत एकाच समाजाने चुकवायची, आजारपणातही चुकवायची, हे गावाला स्वाभाविक वाटले. येथे परंपरा कलेची उरत नाही, वेठीची होते.

आंतरराष्ट्रीय करारात याविषयी संदिग्धता नाही. अमूर्त वारशाच्या संरक्षणाचा युनेस्कोचा करार २००३ चा. भारताने तो २००५ मध्ये स्वीकारला. त्याच्या दुसऱ्याच कलमात म्हटले आहे, की मानवी हक्कांच्या दस्तऐवजांशी आणि समाजगटांतील परस्पर आदराशी सुसंगत असेल तेवढाच वारसा या कराराच्या कक्षेत विचारात घेतला जाईल. कराराची ही अट नामांकनाच्या कागदपत्रांत एक-दोन परिच्छेदांत निकालात निघते. प्रत्यक्षात तिचा अर्थ असा, की दास समाजाच्या एखाद्या कुटुंबाने यंदा वाजवायचे नाही असे ठरविले, तर त्याला कोणतीही शिक्षा न होता तसे करता आले पाहिजे. वारशाचे मूल्यमापन करणाऱ्या समित्या नृत्य कितीदा झाले, मुखवटे किती शाबूत आहेत, पर्यटक किती आले, हे पाहतात. नकाराचा हक्क त्यांच्या प्रपत्रात नसतो.

शेजारच्या हिमाचल प्रदेशाने या बाबतीत निदान एक व्यवहारी पाऊल उचलले आहे. कुल्लूच्या दसऱ्याला खोऱ्यातील शेकडो देवता रथांतून येतात, आणि प्रत्येक देवतेसोबत तिचे वाजंत्री असतात; तेथे त्यांना ‘बजंत्री’ म्हणतात. जमीनसुधारणा कायद्यांमुळे देवस्थानांच्या जमिनी गेल्या, तेव्हा देवतांचा खर्च कसा भागणार हा प्रश्न निर्माण झाला, आणि सरकारकडून देवतांना नजराणा व वाजंत्र्यांना मानधन अशी पद्धत रुजली. मानधनाच्या रकमेवरून दरवर्षी कुरबुरी होतात. त्यामुळे तेथे जात विरघळली असेही नाही. तरी वाजविणे हे काम आहे आणि कामाला सार्वजनिक तिजोरीतून दाम आहे, एवढे तेथे मान्य झाले. उत्तराखंडात वृद्ध आणि विपन्न कलावंतांना मासिक मानधन मिळते. मात्र ते उपकाराच्या भाषेत, आणि आयुष्य संपत आल्यावर. गावातील तिथीनुसारच्या सेवेला कामाचा दर्जा देणारी व्यवस्था नाही. यात्राकाळात देवस्थानांकडे आणि पर्यटन खात्याकडे येणाऱ्या पैशाचा काही अंश वादकांच्या हक्काचा म्हणून राखून ठेवणे अशक्य नाही. प्रश्न रकमेचा आहेच, परंतु ती रक्कम पंचायतीच्या मर्जीवर अवलंबून नसण्याचा अधिक आहे. ज्याचे पाणी आणि वाणसामान गावाच्या हाती असते, त्याचा ढोलही गावाच्याच हाती असतो.

दुसरी गोष्ट भाषेची. २०११ च्या जनगणनेत गढवाली ही मातृभाषा सांगणारे सुमारे २४ लाख ८२ हजार आणि कुमाऊंनी सांगणारे सुमारे २० लाख ८१ हजार होते. दोन्ही भाषा आठव्या अनुसूचीबाहेर आहेत. जागर ही गाणारी कथा आहे. डेहराडून-दिल्लीत वाढलेल्या मुलांना शब्दच कळत नसतील तर तालावर ठेका धरता येईल, कथा मात्र हरवेल. याविषयी पहाडात बरेच लिहिले-बोलले जाते. राजकीय पक्षांच्या जाहीरनाम्यांतही ते येते. जातीविषयी मात्र ‘देवभूमी’च्या प्रतिमेला धक्का नको म्हणून सारेच जपून बोलतात. राज्याच्या संस्कृतीविषयीच्या जाहिरातींत ढोल असतो, बर्फाची शिखरे असतात, ब्रह्मकमळाची टोपी असते. ढोल कोणाच्या खांद्यावर आहे, हे सांगणारी ओळ नसते.

आणि तरीही ढोल थांबलेला नाही. त्याची चाल बदलते आहे. मे-जूनमध्ये शाळांना सुट्या लागल्या की दिल्ली, डेहराडून, चंडीगडला स्थायिक झालेली कुटुंबे कुलदेवतेच्या पूजेसाठी आठ दिवस गावी परततात. कुलुपे उघडतात, अंगणातील गवत कापले जाते आणि मग शोध सुरू होतो तो वादकाचा. गावातला औजी गेलेला असतो, किंवा त्याचा मुलगा ऋषिकेशला हॉटेलात कामाला असतो. शेजारच्या खोऱ्यातून कोणाचा तरी मोबाइल क्रमांक मिळतो. तो मोटारसायकलवरून येतो, पाठीमागे दमाऊंवाला साथीदार, दोघांच्या मध्ये कापडात बांधलेला ढोल. तो बिदागी आधी ठरवून घेतो, निम्मी आगाऊ मागतो, रात्री किती वाजेपर्यंत वाजवणार तेही सांगतो. गावातील वृद्ध मंडळी कुरकुरतात की पूर्वीची श्रद्धा राहिली नाही; त्यांचे आजोबा दोन पायली धान्यावर रात्र जागवीत. तो काही बोलत नाही. ढोलाच्या दोऱ्या आवळतो, कातड्यावर बोट टिचकून पाहतो. पुढल्या आठवड्यात त्याला दुसऱ्या गावाचे बोलावणे असते आणि त्याच्या पुढल्या आठवड्यात त्याच्या स्वतःच्या मुलीचे लग्न. त्या तारखेला कोणीही बोलावले तरी तो येणार नाही.